आहारसाक्षी

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन दोनदा थरथरला आणि सुवर्णानं चिरायला घेतलेला कोबी तसाच खाली ठेवला. ती वेळ आता तिला पाठ झाली होती. पडद्यावर नेहमीची पिवळी पट्टी आली होती : 'धुमाळ नंदकुमार. रक्तात नवी चरबी. तळलेले खाणे, शक्यता एक्याऐंशी टक्के. घरच्या नोंदीत नाही.'

सकाळी डब्यात तिनं दिल्या होत्या आणि फोनात नोंदल्या होत्या बाजरीच्या दोन भाकऱ्या, कोबीची वाफवलेली भाजी आणि सोयाबीनच्या वड्यांची उसळ. उसळीच्या फोडणीचं तेल तिनं चमच्यानं नाही, थेंबानं मोजलं होतं. त्या डब्यात तळलेलं शोधायला गेलं तर डबाच शरमला असता. म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि नेमकं चारच्या सुमाराला मुरत होतं.

मोरघळ हे सह्याद्रीच्या माथ्याजवळचं गाव. पाऊस इतका, की जमिनीतला कस कधीच धुऊन खाली कोकणात गेलेला. गावातून वरच्या सड्यावर, मोकळ्या पठारावर, फुलं बघायला लोक यायचे, त्यांच्यासाठी नऊ वर्षांपूर्वी रोपवे झाला आणि एसटीचं स्टेअरिंग सोडून नंदकुमार पहिल्या दिवसापासून त्याचे चालक झाले. खालच्या ठाण्यात काचेची खोली होती. तिथं बसून बारा पाळणे वर-खाली करायचे, वारा वाढला की थांबवायचे, आत कुणी घाबरलं तर माइकवरून धीर द्यायचा. एका वेळी शहाण्णव माणसं त्यांच्या बोटांवर लोंबकळत असत. नऊ वर्षांत त्यातल्या एकाला साधं खरचटलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. सुवर्णा मात्र येईल-जाईल त्याला सांगत असे.

मग दूर कुठल्याशा रोपवेवर चालकालाच हृदयविकाराचा झटका आला, पाळणे दोन तास अधांतरी राहिले आणि नियम झाला, की पन्नाशीपुढच्या प्रत्येक चालकाच्या दंडात मणी हवा.

मणी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कांडी. कातडीखाली बसते आणि दर पाच मिनिटांनी प्रकाशाची एक तिरीप सोडून रक्तातली चरबी मोजते. पूर्वी उपाशीपोटी जाऊन रक्त द्यायचं, संध्याकाळी कागद आणायचा, आणि वर्षभर त्या एका आकड्यावर काढायचं, अशी रीत होती. मणी आल्यावर ती रीत मागं पडली. आपण जेवतो तेव्हा आतड्यातली चरबी रक्तात उतरते, रक्त नदीच्या पुरासारखं गढूळ होतं आणि चार-पाच तासांत पुन्हा निवळतं. किती गढूळ झालं, किती वेळ राहिलं, यावरून मणी माणसानं काय खाल्लं असेल ते ओळखतो. शिवाय रक्तवाहिन्यांत थर धरणारं वाईट कोलेस्टेरॉल किती, तो आकडा वेगळा.

आता हे कोलेस्टेरॉल वाढतं कशानं, याला एक कारण नाही. थोडं ताटातून येतं, पण बरंचसं आपलं यकृतच तयार करतं. आईबापांकडून आलेली जनुकं, वय, वजन, अपुरी झोप, काळजी, बैठं काम, विडीकाडी, थंडीचे दिवस, बायकांची पाळी जाणं, काही औषधं, हे सगळेच त्यात आपापला हात घालतात. मणी दर रविवारी प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत मांडायचा. सगळे वाटे मांडून झाल्यावर जे उरायचं, ज्याचा त्याला काही थांग लागत नसे, ते शेवटच्या ओळीत जायचं. त्या ओळीचं नाव होतं, 'न नोंदलेला आहार'. आपल्याला माहीत नाही, असं लिहिणं मणी बनवणाऱ्यांना कमीपणाचं वाटलं असावं. त्यापेक्षा समोरचा खोटं बोलतो असं म्हणणं सोपं असतं.

खरं-खोटं करायला त्यांनी माणूसही नेमला होता. प्रत्येक चालकाच्या घरातला एकजण 'आहारसाक्षी'. दर रविवारी त्याच्या फोनवर प्रश्न यायचा : 'नोंदीबाहेर काही खाल्लेले नाही, याची आपल्याला खात्री आहे का?' खाली दोन बटणं. 'खात्री नाही' हे ओळीनं तीनदा दाबलं गेलं, की चालकाला काचेच्या खोलीतून उठवायचं.

धुमाळांच्या घरात नवराबायको दोघंच. मुलगी लग्न होऊन नाशकात. तेव्हा साक्षी कोण, हा प्रश्नच नव्हता.

वाईट कोलेस्टेरॉल शंभराच्या आसपास हवं, पहिला आकडा आला होता एकशे अठ्ठेचाळीस, दीड वर्षापूर्वी. सुवर्णानं तो अंगावर घेतला. पंचवीस वर्षं आपल्या हातचं खाऊन या माणसाचं रक्त बिघडलं, असा तिनं त्याचा अर्थ लावला आणि पदर खोचून स्वयंपाकघर झाडून काढलं. अंडी गेली. डब्यातले सुके बोंबील आणि सुकट शेजारी गेली. दूध गेलं, दही गेलं, चहा काळा झाला. भजनी मंडळात कुणीतरी म्हणालं की बाजारचं पांढरं मीठ रक्ताला वाईट, तर मिठाच्या बरणीत उपवासाचं सैंधव आलं. देवाला एकादशीला चालतं, ते माणसाला रोज का चालू नये? घरात बारा महिने एकादशी सुरू झाली. आणि सुवर्णाचा स्वभाव असा, की नवऱ्याला एक आणि आपल्याला एक असं तिनं कधी केलं नाही. तीही तेच जेवत होती, कणभर इकडं-तिकडं नाही.

आकडा मात्र चढत गेला. एकशे बासष्ट. एकशे एकोणऐंशी. रोपवेच्या डॉक्टरनं पुण्यात बसून, पडद्याकडं बघून गोळी लिहून दिली. महिनाभर आकडा उतरला, पुन्हा चढला. एकशे शहाण्णव.

घरातून पोटात जाणारं सगळं बंद, तरी वाढतंय. मग उरलं काय? बाहेरचं.

संध्याकाळी नंदकुमार आले, चपला काढल्या, आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आत सुवर्णा शर्टाजवळ पोचली होती.

"तळणाचा वास येतोय."

"खिडकीसमोर भज्याचा गाडा हाय. नऊ वर्षं हाय."

"चारला काय खाल्लंत?"

"काय न्हाई."

"मण्यानं सांगितलंय."

"मणी काय माझ्या पोटात बसलाय व्हय?"

"दंडात बसलाय. तेवढं पुरं."

पूर्वी अशा बोलण्यावर ते हसत असत. त्या दिवशी हसले नाहीत. खांद्यावरचा स्वेटर घट्ट ओढून पलंगावर बसले. बाहेर चैत्र तापला होता, कौलं तडतडत होती आणि हा माणूस स्वेटरात.

"एवढ्या उन्हात स्वेटर कशाला?" तिनं विचारलं. तेलाचा डाग झाकायला, असं तिचं तिनं मनात उत्तरही दिलं.

"खोलीत एसी असतो." त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "आणि तू कान का बांधलेस?"

सुवर्णानं कानांवरून घेतलेला पदर सोडला. दुसऱ्याच्या चुका धरायला बसलेल्या माणसाला स्वतःची थंडी कुठली लक्षात येते.

रात्रीची गोळी ती जेवणाबरोबरच हातावर ठेवायची, समोर उभी राहायची आणि गिळल्यावर म्हणायची, "आ करा." छप्पन्न वर्षांचा माणूस, शहाण्णव लोकांचा जीव सांभाळणारा, बायकोपुढं तोंड उघडून जीभ वर करून दाखवायचा. तिला त्याची लाज वाटायची. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती. सासरे त्रेपन्नाव्या वर्षी शेतातून येऊन ओसरीवर टेकले आणि टेकलेलेच गेले, हे तिनं नवी नवरी असताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

ओळीनं दोन रविवार तिनं 'खात्री नाही' दाबलं होतं. तिसरा चार दिवसांवर आला तेव्हा तिनं ठरवलं, आता डोळ्यांनीच बघू. बुधवारी साडेतीनला घराला कुलूप लावून ती रोपवेच्या ठाण्याकडं निघाली. चढ छोटासाच, पण दोनदा थांबावं लागलं. पाय शिशाचे झाल्यासारखे जड. वय झालं, तिनं स्वतःला सांगितलं.

काचेच्या खोलीत नंदकुमारांच्या जागी आवटे बसले होते. आवटे म्हणजे ठाण्याचे मुख्य. धुमाळांच्या घरी कितीदा जेवून गेलेला माणूस.

"हे कुठंयत?"

"चार ते पाच सुट्टी असते ना वहिनी त्यांची." आवटे पाळण्यांकडं बघत म्हणाले.

"ते माहितीय. जातात कुठं?"

आवट्यांनी तारेवरची नजर काढली नाही. "मला काय कल्पना."

ताकाला तूर लागू देत नाही, तेव्हा ताकात काहीतरी असतंच. सुवर्णा भज्याच्या गाड्यावर गेली, तिथं नव्हते. मागच्या पत्र्याच्या शेडकडं वळली. मोडीत काढलेले जुने पाळणे तिथं एकावर एक टेकून ठेवले होते. सात नंबरच्या पाळण्याच्या धुरकट काचेतून तिला निळा स्वेटर दिसला.

नंदकुमार पाय पोटाशी घेऊन झोपले होते. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं गरम होत होतं आणि ते स्वेटरच्या बाह्या तळव्यांपर्यंत ओढून गाढ झोपले होते. चेहरा सुजल्यासारखा वाटत होता. सुवर्णानं बाकाखाली पाहिलं, कोपरे पाहिले. तेलकट कागद नाही, चुरा नाही. शेवटी ती वाकली आणि त्यांच्या उघड्या तोंडाचा वास घेतला.

त्या वेळीच त्यांनी डोळे उघडले.

सुवर्णा झटकन मागं सरकली.

"कुणाला सांगू नको," ते उठून बसत म्हणाले. आवाज घोगरा येत होता. "सहा महिने झालं, दुपारी डोळं उघडं ऱ्हात न्हाईत. पाळणे चालवताना डुलकी लागली तर? म्हणून हितं तासभर पडतो. आवट्याला म्हायती हाय, पण वर कळलं तर मला एका दिवसात घरी बसवत्याल."

"सहा महिने? आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगितलं तर तू त्या फोनात भरशील."

हे खरंच होतं, म्हणून ते तिला फार लागलं. आणि दुखावलेला माणूस न्याय करत नाही. जो झोप लपवतो तो भजी लपवणार नाही कशावरून? पोटभर तळणीचं खाल्ल्याशिवाय अशी झोप येते कधी?

"खाऊनच झोपलाय तुम्ही," ती म्हणाली.

नंदकुमारांनी हात पुढं केला, तिच्या गळ्याची कातडी हलकेच चिमटीत धरली, लहानपणी शाळेत धरतात तशी. "तुझ्या गळ्याशपथ सुवर्णा. घरच्या डब्याबाहेर मी घास खाल्लेला न्हाई."

सांगता सांगता त्यांची बोटं तिथंच थांबली. जरा चाचपडली. कपाळाला आठी आली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांकडं पाहून त्यांनी ते मिटलं. हात मागं घेतला.

सुवर्णानं ते सगळं पाहिलं. खोटी शपथ घेताना हात अडखळतो, असं तिची आई सांगायची.

रविवारी पूजा आटोपून तिनं उदबत्ती लावली आणि फोन घेऊन देवापुढंच बसली. प्रश्न आला होता. अहवालात 'न नोंदलेला आहार' एकसष्ट टक्के. एका बाजूला मणी होता, ज्याला नवरा नाही, बायको नाही, राग नाही, लोभ नाही. दुसऱ्या बाजूला गळ्याला लावलेला हात. तिनं 'खात्री आहे'वर बोट नेलं आणि मागं घेतलं. काचेच्या खोलीत छातीला हात लावून खाली कोसळणारे नंदकुमार दिसले, वर तारेवर थांबलेले पाळणे दिसले. घरी बसले तरी चालतील, पण जगले पाहिजेत. उदबत्ती जळून राख पाटावर पडली तेव्हा तिनं 'खात्री नाही' दाबलं.

सोमवारी आवटे स्वतः आले. चहा घेतला नाही. नंदकुमारांनी कामावरचा निळा कोट घडी करून त्यांच्या हातात दिला, बिल्ला वर ठेवला. आवटे गेल्यावर नंदकुमारांनी पिशवी भरली.

"अक्काकडं जातो. गुहागरला."

"किती दिवस?"

"बघू."

"चिडलाय माझ्यावर?"

त्यांनी पिशवीची चेन ओढली. "चिडायला काय झालं. काय खातो ते रोज लिहून धाडीन. साक्ष तू देत ऱ्हा." त्यांनी दार ओढून घेतलं तेही सावकाश, आवाज न करता. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

आणि त्यांनी खरंच लिहिलं. पहिल्याच दिवशी, 'सकाळी दोन अंडी, दुधाचा चहा. दुपारी बांगड्याचं तिखलं, भात. रात्री सुकट, तांदळाची भाकरी.' वाचून सुवर्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस लपून चाललं होतं ते आता राजरोस. तिनं नणंदेला फोन लावला.

"वन्सं, त्यांना तेलकट नका देऊ."

"मासा काय दगडावर भाजू?" पलीकडून मालनवन्सं म्हणाल्या. "आणि तू काय खायला घालत होतीस गं त्याला? आला तेव्हा तोंड सुजलं होतं, आवाज बसला होता. दोन वाक्यं बोलून झोपत होता."

"चांगलंच घालत होते."

"मग चांगल्यात काहीतरी खोट असंल," वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात आकडा एकशे अठ्ठ्याऐंशीवर आला. सुवर्णाला वाटलं, मणी चुकला. सहाव्यात एकशे एकाहत्तर. दहाव्यात एकशे चोपन्न. चारची पिवळी पट्टी येईनाशी झाली. ज्या माणसाचं कोबी खाऊन रक्त गढूळ व्हायचं, त्याचं बांगडा खाऊन निवळत होतं. ह्यांनी मणी काढून कुणाच्या बोकडाला तर बसवला नाही, इथपर्यंत तिचा विचार गेला. मुरणारं पाणी आता उलट्या दिशेनं वाहत होतं आणि वाट काही सापडत नव्हती.

तोवर श्रावण आला. सुवर्णा एकटीच रांधत होती, एकटीच जेवत होती, आणि घरात आता शुद्ध जेवणारी तीच एक उरली होती. भजनी मंडळात वरच्या पट्टीतला अभंग तिच्याकडं असायचा. एका सोमवारी तिनं तोंड उघडलं आणि बापईगडी बोलावा तसा जाडाभरडा आवाज निघाला. पेटीवाल्या काकूंनी हळूच पट्टी खाली घेतली. केस कंगव्यात गुंतून यायला लागले होते, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. काळजीनं झालंय, ती म्हणायची. शेवटी दाखवायला म्हणून गेली आणि आरोग्य केंद्राच्या सात पायऱ्या चढता चढता पाचवीवर ती मटकन बसली, तेव्हा तिथल्या डॉक्टर नाझनीन मुल्ला बाहेर आल्या आणि हाताला धरून तिला आत घेऊन गेल्या.

केंद्रात पन्नाशीपुढच्या बायकांसाठी पंधरा दिवसांच्या बोलीवर मणी मिळत. मुल्ला मॅडमनी एक तिच्या दंडात बसवला.

तिसऱ्या दिवशी सुवर्णा ओट्याशी बसून तांदूळ निवडत होती. फोन दोनदा थरथरला. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

'धुमाळ सुवर्णा. रक्तात नवी चरबी. तळलेले खाणे, शक्यता चौऱ्याऐंशी टक्के. घरच्या नोंदीत नाही.'

तिनं मागं वळून पाहिलं, जणू कुणी दुसरंच घरात येऊन खात होतं. दुपारी बाराला भाकरी आणि कोबी खाल्लेला. त्यानंतर घोटभर पाणी. रविवारी अहवाल आला. वाईट कोलेस्टेरॉल दोनशे अकरा. तिच्या नवऱ्याचं कधी इतकं झालं नव्हतं. शेवटच्या ओळीत, 'न नोंदलेला आहार, चौसष्ट टक्के'.

"देवाशपथ मी काही खाल्लं नाही," ती रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाली. हे वाक्य याआधी कुणाच्या तोंडून ऐकलंय, हे तिला आठवावं लागलं नाही. ती तशीच खाली बसली आणि खूप दिवसांनी रडली.

सोमवारी सकाळी ती केंद्रात गेली. मुल्ला मॅडमनी पडदा उघडला, अर्धा मिनिट पाहिला आणि बाजूला सारला.

"पाणी प्या. घोट घेताना मान वर करा."

सुवर्णानं घोट घेतला. मॅडमची बोटं तिच्या गळ्यावर आली आणि बरोबर त्याच जागी थांबली, जिथं चिमटीत धरून शपथ घेतली होती.

"सूज आहे इथं. केव्हापासून?"

"माहीत नाही."

"थंडी वाजते? झोप येते? आवाज बदललाय, तो ऐकूच येतोय." त्यांनी कागद ओढला. "मीठ कुठलं खाता?"

"कमीच खातो."

"किती नाही विचारलं. कुठलं?"

मणी बसवला तेव्हा त्यानं फोनवरून घरातल्यांना एकोणचाळीस प्रश्न विचारले होते. त्यात मीठ किती, हा होता. कुठलं, हा नव्हता.

"सैंधव. उपवासाचं," सुवर्णा म्हणाली. मग तिनं सगळंच सांगितलं : गेलेलं दूध, गेलेली अंडी, शेजारी दिलेले बोंबील, रोजची बाजरी, रोजचा कोबी, सोयाबीन, आणि गुहागरला बांगडा खाऊन उतरलेला नवऱ्याचा आकडा.

मुल्ला मॅडम पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या.

"गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड," त्या म्हणाल्या. "शरीराची चूलच म्हणा. तिला आयोडीन लागतं, चिमटीभरही नाही, कणभर. आपल्या डोंगरातल्या मातीत ते पावसानं ठेवलेलंच नाही. म्हणून सरकारनं साध्या मिठात घातलं. मासे, अंडी, दूध यांतही असतं. तुम्ही एकेक करून सगळी दारं बंद केलीत. सैंधव वाईट नाही, त्यात हे नाही एवढंच. वर बाजरी, कोबी, सोयाबीन. एरवी चांगलीच, पण आयोडीन नसताना रोज खाल्ली तर या ग्रंथीच्या कामात आडवी येतात. चूल मंदावली की यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलत नाही. ते फिरत राहतं. जेवणातली चरबीही निवळत नाही, बाराची चारलाही तशीच. मण्याला वाटतं, मधे काहीतरी खाल्लं."

सुवर्णानं हातातला पेला खाली ठेवला.

"म्हणजे मी जितकं जपलं..."

"तितकं वाढलं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते हळूच सांगितलं, पण सांगितलं. "तुमच्या मिस्टरांचंही हेच. तिकडं मासे आणि साधं मीठ मिळालं, उतरलं. आपण जुन्या पद्धतीनं रक्त काढू, दोघांचं. पण मला तरी यात चोर दिसत नाही."

कुंपणच शेत खात होतं, आणि कुंपणाला वाटत होतं आपण राखण करतोय. घरी येताना सुवर्णानं वाण्याकडून साध्या मिठाची पिशवी घेतली. फोन करायला हवा होता, पण शब्द जुळेनात. काय म्हणायचं? तुम्ही खरं बोलत होतात, हे मला बोकडापर्यंत जाऊन मग कळलं?

फोनच आधी थरथरला. तिच्या अहवालाला साक्षी हवा होता. 'घरातील एका व्यक्तीचे नाव भरा.' घरात होतंच कोण? तिनं नंदकुमारांचं नाव भरलं आणि फोन पालथा ठेवला. आता ते विचारतील, काय खाल्लंस? विचारायचा त्यांचा हक्कच होता. आ कर, असंही म्हणू शकले असते.

तिनं पदर सावरला नाही तोच फोन पुन्हा वाजला.

'साक्ष नोंदली. खात्री आहे. उत्तरास लागलेला वेळ : तीन सेकंद.'

ती शेवटची ओळ सुवर्णानं याआधी कधी पाहिली नव्हती. साक्ष देणाऱ्याला ती दिसतच नसे. ज्याच्याबद्दल साक्ष आहे, फक्त त्यालाच दिसायची. म्हणजे दर रविवारी, देवापुढं बसून ती किती वेळ डळमळत होती, ते नंदकुमारांना मिनिटामिनिटानं कळत होतं. त्यांनी एकदाही त्यावर शब्द काढला नव्हता.

तिनं फोन लावला.

"बोल," ते म्हणाले. आवाज पूर्वीसारखा मोकळा झाला होता.

"अहो, तुम्ही विचारलं का नाही?"

"काय?"

"मी काय खाल्लं ते."

"तू कशाला बाहेरचं खाशील."

सुवर्णानं डोळे पुसले आणि एका दमात सगळं सांगितलं, मीठ, ग्रंथी, गळ्याची सूज. उद्या आवट्यांकडं आणि वरच्या साहेबांकडं जाऊन आपली साक्ष चुकीची होती असं लेखी देणार, हेही सांगितलं. पलीकडं समुद्राचा आवाज येत होता.

"गळ्याचं मला त्या दिवशीच लागलं हुतं हाताला," नंदकुमार म्हणाले. "शपथ घेताना. म्हटलं, हे काय आलंय हिला, डॉक्टरला दाखवाय पायजे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू अशी बघत हुतीस माझ्याकडं. म्हटलं, आता हे काढलं तर हिला वाटंल, ह्यो विषय बदलतोय."

सुवर्णाचा हात आपोआप गळ्याकडं गेला. त्या दिवशी तिनं विश्वास ठेवला असता, तर तिच्या दुखण्याला चार महिने आधी नाव मिळालं असतं.

"त्या शेवटच्या रविवारी," तिनं विचारलं, "मला किती वेळ लागला होता?"

"एकतीस मिनिटं."

तिनं मिठाची पिशवी उगाच जवळ ओढली.

"बरं वाटलं मला ते बघून," नंदकुमार म्हणाले. "म्हटलं, चला, अर्धा तास तरी माझ्या बाजूनं भांडली."

हे ते मनापासून म्हणत होते, की तिची समजूत काढत होते, हे तपासायला कुठलाच मणी नव्हता. सुवर्णानंही ते तपासलं नाही.

"परवाच्या गाडीनं या," ती म्हणाली. "येताना बोंबील आणा."